पावसाळी अधिवेशन संपले. अनुसूचित जाती उपयोजनेच्या कायद्याचे काय?



३० जूनला मुंबईत सुरू झालेले विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन १८ जुलै २०२५ रोजी संपले. या तीन आठवड्यांत आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वाधिक फिरले ते ८ जुलैचे फोटो. सरन्यायाधीश भूषण गवई यांचा विधिमंडळाने सत्कार केला आणि त्यांनी दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसमोर संविधानावर भाषण केले. त्यांचे वडील दादासाहेब गवई याच विधान परिषदेचे सभापती होते. त्यामुळे तो दिवस आपल्या सर्वांसाठी अभिमानाचा होता आणि त्याबद्दल किंतु असण्याचे कारण नाही. त्याच आठवड्यात जनसुरक्षा विधेयक आधी विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत मंजूर झाले. १७ जुलैला विधानभवनाच्या लॉबीत आमदारांचे समर्थक एकमेकांना भिडले. टीव्हीवर पुढचे दोन दिवस तेच चालू होते.

या गदारोळात ५७ हजार ५०९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्याही मंजूर झाल्या. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडून जेमतेम चार महिने झाले होते. वर्षाचा हिशेब मांडताना जे धरले नव्हते, किंवा धरता आले असते पण धरले नाही, ते पुरवणी मागण्यांतून येते. सरकारला हवे असेल तर एका अधिवेशनात एवढी रक्कम उभी राहू शकते, हे आधी लक्षात घ्या. आणि मग हेही की मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे पैसे दुसरीकडे वळवले गेले तेव्हापासून मागितला जाणारा एक कायदा याही अधिवेशनात झाला नाही.

मे महिन्यात काय घडले होते, ते थोडक्यात सांगते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या एप्रिलच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाच्या खात्यातून ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाच्या खात्यातून ३३५ कोटी ७० लाख रुपये महिला व बालविकास विभागाकडे वळवण्यात आले. मिळून ७४६ कोटी. विरोधी पक्षांनी आणि आपल्या संघटनांनी आवाज उठवला हे अपेक्षितच होते. पण खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी माध्यमांसमोर नाराजी व्यक्त केली आणि विभागाची गरजच नसेल तर तो बंद करून टाका, अशा अर्थाचे विधान केले. मंत्र्यालाच आपल्या विभागाचे पैसे राखता येत नसतील, तर तालुक्याच्या गावी फाटक्या झेरॉक्स घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्याने कुणाकडे जायचे?

४१० कोटी हा आकडा काही दिवस गाजला आणि मागे पडला. माझ्या मते तो मूळ आजार नाही, आजाराचे लक्षण आहे.

विक्रमी तरतूद म्हणजे नेमके किती?

१० मार्चला अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला तेव्हा अनुसूचित जाती घटक कार्यक्रमासाठी २२ हजार ६५८ कोटींची तरतूद जाहीर झाली. आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४२ टक्के वाढ. आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांनीही अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. वाढ खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण आदल्या वर्षी काय दिले होते ते पाहू.

२०२४-२५ ची राज्याची वार्षिक योजना १ लाख ९२ हजार कोटींची होती आणि त्यात अनुसूचित जातींसाठी १५ हजार ८९३ कोटी ठेवले होते. भागाकार करा, साधारण सव्वाआठ टक्के येतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्यायचा हे या उपयोजनेचे मूळ तत्त्व. ते पाळले असते तर त्या वर्षी साडेबावीस हजार कोटींहून अधिक द्यायला हवे होते. म्हणजे यंदा 'विक्रमी' म्हणून जो आकडा सांगितला गेला तो जवळपास तेवढाच आहे, जेवढा गेल्या वर्षीच आपला होता. एका वर्षात राहिलेले साडेसहा हजार कोटींहून अधिक रुपये कुठे गेले, हा प्रश्न कुठल्याही सभागृहात ऐरणीवर आला नाही. मोठा वाटणारा आकडा ऐकला की आपण पाठीमागचे पान उलटत नाही. ही सवय आपल्यालाही लागली आहे, सरकारला एकट्याला दोष देऊन चालणार नाही.

अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास, १९७९-८० मध्ये सुरू झाली. आदिवासी उपयोजना त्याआधीची. कल्पना सरळ होती. रस्ते, धरणे, शाळा, दवाखाने यांचा सर्वसाधारण खर्च सर्वांसाठी होतो असे म्हणतात, पण रस्ता पाटलाच्या दारापर्यंत येतो आणि बौद्धवाड्याच्या अलीकडे संपतो. म्हणून लोकसंख्येइतका वाटा बाजूला काढायचा, तो त्याच समाजाच्या कुटुंबांवर आणि वस्त्यांवर खर्च करायचा आणि हा खर्च सर्वसाधारण लाभांच्या जोडीला असेल. हा 'जोडीला' शब्द महत्त्वाचा आहे. पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

बहिणींचे पैसे आणि बहिणींच्या मुलींचे

सरकारची बाजू मांडणारे म्हणतात, लाडक्या बहिणींमध्ये अनुसूचित जातीच्या बहिणीही आहेत, मग त्यांच्या हप्त्याचा भार अनुसूचित जाती घटकातून उचलला तर चुकले कुठे? हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. आपल्या वस्त्यांत हे पैसे पोहोचतात. मी ज्या वस्तीत काम करते तिथे महिन्याच्या दीड हजारात गॅसची टाकी येते, सासूचे औषध येते, बचत गटाचा हप्ता जातो. नवऱ्याला न विचारता खर्च करता येणारे हे पहिलेच पैसे आहेत, असे सांगणाऱ्या बाया मला भेटल्या आहेत. या योजनेविरुद्ध बोलणे हा माझा हेतू नाही आणि आपल्या कार्यकर्त्यांनीही त्या सुरात बोलू नये.

पण ही योजना राज्यातल्या सर्व जातिधर्मांच्या पात्र महिलांसाठी आहे. मराठा, ओबीसी, मुस्लिम, ब्राह्मण कुटुंबातल्या पात्र बहिणीचा हप्ता राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून जातो. बौद्ध बहिणीचा हप्ता मात्र तिच्याच समाजाच्या राखीव वाट्यातून द्यायचा. म्हणजे इतरांना नागरिक म्हणून जे मिळते, ते आपल्याला आपल्याच खिशातून घ्यायचे. याच तर्काने उद्या रेशन, रस्ते आणि पोलिसांचे पगारही ११.८ टक्के आपल्या खात्यावर टाकता येतील. मग जोडीला काय उरले?

आता त्याच घरातल्या मुलीकडे पाहा. आईला वर्षाचे १८ हजार मिळतात. मुलगी शहरात शिकते, शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून तिने भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज भरला. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत या योजनेचे वर्षाला ६० हजार मिळतात, इतर महसुली विभागांच्या ठिकाणी ५१ हजार, बाकी जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. खोलीचे भाडे जूनपासून सुरू होते. खाणावळीवाली आगाऊ पैसे मागते. स्वाधारचे पैसे कधी परीक्षा तोंडावर आल्यावर येतात, कधी वर्ष उलटल्यावर. गेल्या वर्षी मी ज्या मुलींचे अर्ज भरायला मदत केली त्यांतल्या एकीने दिवाळीनंतर खोली सोडली आणि रोज एसटीने साठ किलोमीटर ये-जा सुरू केली. दुसऱ्या सत्रात तिची हजेरी कमी पडली. कार्यालयात विचारले तर उत्तर एकच, 'निधी आला नाही.' खिडकीमागच्या लिपिकाचाही त्यात दोष नव्हता, निधी खरेच आला नव्हता.

वळवलेले ४१० कोटी नेमके हिच्याच हप्त्याचे होते असा दावा मी करत नाही. त्याची गरजही नाही. ज्या विभागात विद्यार्थ्यांची देणी थकलेली असतात, त्या विभागातून शेकडो कोटी दुसरीकडे जाऊ शकतात, एवढे पुरेसे आहे.

शिष्यवृत्तीचा हिशेब तर आणखी वाईट आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची ती देणगी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. नियम असा की राज्याने आपला ४० टक्के वाटा दिला हे कळल्यावर केंद्राचे ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. म्हणजे मुंबईत राज्याचे ४० रुपये अडले की दिल्लीचे ६० रुपयेही अडतात. राज्याने या शीर्षाखाली वेळेवर न दिलेला प्रत्येक रुपया आपल्या मुलांचे अडीच रुपये थांबवतो. इकडे कॉलेज विद्यार्थ्याला म्हणते, फी भर, नाहीतर टीसी मिळणार नाही. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवर दशकाहून अधिक काळ अडकली आहे. नवरा-बायको दोघेही मजुरी करणारे घर आज या मर्यादेच्या अगदी काठावर येते, पण ही मर्यादा वाढवण्याची घाई ना दिल्लीला आहे ना मुंबईला.

बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले होते, तेही आपण विसरलेलो नाही. पीएच.डी. करणाऱ्यांनी संशोधन करायचे की आंदोलन, हे दरवर्षी सरकारच्या मर्जीवर ठरते.

कायदा हवा, पण कोणता?

आंध्र प्रदेशने २०१३ मध्ये अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेचा कायदा केला. कर्नाटकने त्याच वर्षी. तेलंगणाने २०१७ मध्ये नवा कायदा आणला, राजस्थानने २०२२ मध्ये. बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, देशातले सर्वाधिक बौद्ध जिथे राहतात त्या राज्यात, आजही हा वाटा परिपत्रकांवर आणि शासन निर्णयांवर चालतो. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो. त्यासाठी सभागृहात मतदान लागत नाही. मे महिन्यात हेच दिसले.

कायदा झाला की सगळे मार्गी लागेल, असे मात्र समजू नका. कर्नाटकात कायदा असताना २०२३-२४ मध्ये सुमारे ११ हजार कोटी रुपये पाच 'गॅरंटी' योजनांकडे वळवले गेले. तिथे सरकार काँग्रेसचे, इथे महायुतीचे, युक्तिवाद मात्र शब्दशः तोच की लाभार्थींमध्ये अनुसूचित जातीचे लोक आहेत. त्या कायद्यात आधी '७ ड' नावाची पळवाट होती. एखाद्या सर्वसाधारण प्रकल्पाचा फायदा अनुसूचित जातींनाही होतो असे मानून त्याचा काही भाग उपयोजनेत दाखवता येत असे. २०२३ मध्ये ते कलम काढले, तरीही पैसे दुसऱ्या वाटेने गेलेच. तेलंगणाच्या कायद्यातली एक तरतूद मात्र आपण हट्टाने मागावी अशी आहे. वर्षअखेर न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या वाट्यात जोडायची. आपल्याकडे ३१ मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो. वर्षभर पैसे सोडायचे नाहीत, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोडायचे आणि मग 'विभागाला खर्च करता आला नाही' म्हणून परत घ्यायचे, हा खेळ त्या एका कलमाने महाग पडेल.

म्हणून नुसते 'कायदा करा' असे निवेदन देऊन भागणार नाही. सर्व जातींसाठी असलेल्या योजनेचा खर्च या वाट्यात दाखवता येणार नाही, अशी स्पष्ट भाषा आणि न वापरलेल्या रकमेची पुढची जोडणी, या दोन गोष्टी मसुद्यात नसतील तर तो कायदा आपल्याला भाषणापुरता उपयोगी पडेल.

पैसे शोधायचे कसे

आपल्या चळवळीत कायद्याचा अभ्यास करणारी मुले भरपूर आहेत, अर्थसंकल्प वाचणारी मोजकीच. खरे तर ही आपली परंपरा आहे. बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात केलेल्या अगदी सुरुवातीच्या भाषणांपैकी एक, २४ फेब्रुवारी १९२७ चे, अर्थसंकल्पावर होते. ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला प्राप्तिकर माफ आहे, पण शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही कमी असले, पीक बुडाले तरी शेतसारा सुटत नाही, ही विषमता त्यांनी सभागृहात मांडली होती. महाडचा सत्याग्रह त्यानंतर महिन्याभरात झाला. पाण्याचा हक्क आणि कराचा न्याय हे दोन्ही विषय त्यांच्या टेबलावर एकाच वेळी होते.

धम्मातही हा विषय परका नाही. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात मोठा यज्ञ करू पाहणाऱ्या राजाला पुरोहित सांगतो की आधी शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला वेतन दे, राज्यातली अशांतता त्याने थांबेल. तिजोरी कुणासाठी उघडायची, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या साध्या भाषेत विचारला गेला आहे.

तर पद्धत अशी. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असते. त्यात '७८९' हे लघुशीर्ष दिसले की तो अनुसूचित जाती घटकाचा पैसा, '७९६' दिसले की आदिवासी घटकाचा. कुठल्याही विभागाच्या पुस्तकात हा आकडा शोधता येतो, सामाजिक न्यायच असले पाहिजे असे नाही. महिला व बालविकासच्या पुस्तकात ७८९ किती वेळा येते ते एकदा मोजून पाहा. दुसरे म्हणजे रकाने. एक मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाचा, एक चालू वर्षाच्या सुधारित अंदाजाचा, एक पुढच्या वर्षाच्या अंदाजाचा. वर्तमानपत्रात येतो तो शेवटचा रकाना. भांडण पहिल्या रकान्याचे आहे. २०२५-२६ मध्ये खरोखर किती खर्च झाला हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात २०२७ च्या मार्चमध्ये छापून येईल. तोवर सरकारे आणि मंत्री कुठल्या कुठे गेलेले असतात. म्हणून वर्ष चालू असतानाच बीम्स या शासकीय प्रणालीवर कोणत्या विभागाला किती तरतूद, किती वाटप आणि किती खर्च झाला ते पाहत राहायला हवे. महिन्यातून एकदा, एका मुलाने, एका संध्याकाळी. दोन-तीन जिल्ह्यांतल्या अभ्यासिकांनी हे काम वाटून घेतले तर डिसेंबरपर्यंत आपल्याकडे स्वतःची आकडेवारी असेल आणि 'निधी आला नाही' या उत्तराला 'अमुक तारखेला एवढा आला होता' असे प्रत्युत्तर देता येईल.

यात एक अडचण मला दिसते. आपल्या संघटनांना जयंतीच्या मिरवणुकीसाठी पोरे मिळतात, एक्सेल शीट भरायला मिळत नाहीत. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही, आमच्या मंडळाचाही हाच अनुभव आहे. पहिल्या बैठकीला सतरा जण आले होते, तिसऱ्या बैठकीला आम्ही चौघे उरलो.

पुढचे, म्हणजे हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबर २०२५ पासून नागपुरात जाहीर झाले होते. चैत्यभूमीवरून ६ डिसेंबरचे अभिवादन आटोपून लोक घरी परततात न परततात तोच. विधानसभेत अनुसूचित जातींसाठी राखीव २९ मतदारसंघ आहेत. तिथले आमदार वेगवेगळ्या पक्षांचे आहेत, पण निवडून आले ते याच राखीव जागेवर. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समितीही आहे, तिच्याकडे विभागांच्या सचिवांना बोलावून विचारण्याचा अधिकार आहे. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, तेव्हा नागपूरच्या मोर्चाची तयारी नोव्हेंबरात नव्हे, गणपती-नवरात्राच्या आधी सुरू करावी लागते. आपल्या भागातल्या राखीव मतदारसंघाच्या आमदाराला लेखी एवढेच विचारायचे आहे: २०२४-२५ मध्ये ७८९ या लघुशीर्षाखाली मंजूर झालेल्या रकमेपैकी ३१ मार्चला किती खर्च झाली, किती व्यपगत झाली, किती दुसऱ्या योजनांकडे गेली, आणि हे थांबवणारे विधेयक तुम्ही स्वतः अशासकीय विधेयक म्हणून मांडणार का? उत्तर हो असो वा नाही, ते सहीनिशी कागदावर घ्या आणि त्याची प्रत आपल्या वस्तीतल्या विहाराच्या फलकावर लावा.